पंधरावी प्रत

ज्ञानबा फोटो स्टुडिओ,
साखर पेठ, सोलापूर
८ जानेवारी २०२४

ती. चनमल्लप्पा काका यांस,
दिग्विजयचा सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवतो की सोलापूर शहरात काळा रंग मिळेनासा झाला आहे. गुलाबी मागितल्याशिवाय मिळतो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फलकांवर तर जगातले सगळे रंग एकाच वेळी मिळतात. पण निखळ काळा आणि त्याची करडी पिलावळ गावातून परागंदा झाली आहे. गेल्या आठवड्यात एका सद्गृहस्थांना त्यांच्या वडिलांचा जुना कृष्णधवल फोटो छापून दिला. दुकानात ट्यूबखाली वडील ठीक होते. घरी खिडकीपाशी टांगले तर हिरवट झाले. सद्गृहस्थ परत आले आणि म्हणाले, "वडील गेले तेव्हासुद्धा असे दिसत नव्हते हो." मी फोटो घेऊन रस्त्यावर आलो, तर उन्हात वडील लाजल्यासारखे गुलाबी. एका दुपारी एक मयत माणूस तीन रंगांत! याची फिर्याद कोणत्या खात्यात करायची ते सांगा, मी करतो.

कारण मला कळलं आहे. हे प्रिंटर करडा रंग करायला निळी, गुलाबी, पिवळी शाई एकत्र कालवतात, आणि उजेड बदलला की प्रत्येक शाई आपापल्या माहेरी निघून जाते. म्हणून मी यंत्रातली रंगीत शाई काढून फेकली. काजळीची काळी शाई मागवली, बिनरंगी द्राव घालून तिचे पाच फिके हात केले, आणि सहा कार्ट्रिजांत सहा करडे भरले. वर एक सॉफ्टवेअर बसवलं. ते यंत्राला कुठला थेंब कुठून टाकायचा ते बजावून सांगतं आणि स्वतःची अक्कल चालवू देत नाही. आमची ही विचारते, असं माणसांसाठी मिळतं का.

तरी एक पंचाईत उरलीच. काजळी मुळात तांबूस निघाली. तिला निळा हात द्यावा लागणार, पण किती? बाबा म्हणायचे, काळा पारखायचा तर चनमल्लप्पाच्या डोळ्यानं. गिरणीच्या रंगखात्यात एकतीस वर्षं तुम्ही शेड पास करत होता. म्हणून कमीजास्त निळ्याच्या सहा पट्ट्या पाठवतो आहे, मागं नंबर घातलेत. फोनवर दाखवल्या असत्या, पण फोनचा पडदा स्वतःच निळा. तो दुसऱ्याची काय पारख करणार? तेव्हा पोस्ट बरं.

आणखी एक. तुमच्या धाकट्या भावजय सारजाबाई परवा दुकानात आल्या होत्या. तुमच्या धाकट्या भावाचा, रेवणप्पांचा एकही फोटो घरात नाही म्हणाल्या. सत्त्याऐंशी साली बाबांनी तुमच्या रंगखात्याचा ग्रुप काढला होता, त्यात ते असतील असं त्यांना वाटतं. पाडव्याच्या आधी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. पट्टी सुटल्यावर आधी नवऱ्याचं तोंड बघायचं म्हणतात. निगेटिव्ह शोधतो आहे.

आपला,
दिग्विजय


मु. पो. मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर
१६ जानेवारी

चि. दिग्विजय यास चनमल्लप्पाचे शरणु शरणार्थी आणि आशीर्वाद.

पट्ट्या मिळाल्या. पोस्टमन म्हनला, आजोबा, पाकिटात काय हाय? म्हनलं, काजळ हाय, तुज्या बायकूला देऊ का. लई दिवसांनी कुणी शेड बघायला दिली. हात जरा थरथरत्यात, पन डोळा अजून जाग्यावर हाय.

सकाळी नऊला उत्तरंच्या खिडकीत बघितल्या. मग ट्यूबखाली. मग देव्हाऱ्यापाशी दिवा लावून. आमच्या खात्यात ह्येच तीन उजेड. तिन्हीकडं एकच दिसला तर मी मागं 'पास' लिवायचो, न्हायतर माल परत वाफेत. साहेब वरडला तरी परत. एक आन दोन नंबर तांबडं हायती, इटकरीवानी. तीन खिडकीत फसवतो. चार बरा, पन हिरव्याकडं झुकतोय. कारन तुमी नुसता निळा घातलाय. काजळीत पिवळं लपल्यालं असतं, त्याच्यात निळा पडला की हिरवं व्हनारच की. निळ्याबरुबर अर्धा थेंब गुलाबी घाला. पाच आन सा फेकून द्या.

तुमच्या वडलांनी लई वर्साखाली मला विचारलं व्हतं, चनमल्लप्पा, काळ्यात किती काळं असतंय? मी म्हनलं, बघनाऱ्याला सोसंल तेवडं.

सारजाबाईचं म्हनाल तर, रेवण्णा त्या दिशी कामावर आलाच न्हवता. म्या तिला तवाच सांगितलंय. उगं जुन्या निगेटिवा धुंडाळत बसू नका. धूळ नाकात जाती.

चनमल्लप्पा


साखर पेठ, सोलापूर
३० जानेवारी

ती. काका यांस सा. न.

अर्धा थेंब गुलाबी म्हणजे तुम्ही एका ओळीत जे सांगितलंत, ते समजायला मला तीन महिने आणि कागदाचं एक अख्खं बंडल लागलं असतं. सद्गृहस्थांचे वडील आता तिन्ही उजेडांत एकाच रंगाचे राहतात. जिवंतपणीही इतके एकवचनी नसतील.

निगेटिव्ह सापडली. तुम्ही शोधू नका म्हणालात, पण माझी उत्सुकता मोठ्यांचं ऐकत नाही. पाकिटावर बाबांच्या अक्षरात आहे: 'रंगखाते ग्रुप. प्रती १५', आणि खाली दिलेल्या प्रतींच्या चौदा खुणा. फोटोत माणसं मोजली तर चौदा. बाबांचं गणित असंच. सहामाहीला त्यांनी माझा अभ्यास घेतला की वार्षिकला मला शिकवणी लावावी लागायची. मी पेन्सिलीनं १५ खोडून १४ केले आणि पाकीट यादीत घातलं.

सोबत पहिला प्रिंट आहे. मधे खुर्चीत तुम्ही, दोन्ही बाजूंना माणसं, मागं वाळत टांगलेल्या सुताच्या लडी आणि त्यांच्या मागं अंधार. अंधारात डावीकडं एक पांढरा ठिपका आलाय, निगेटिव्हवरची धूळ असावी.

काल सारजाबाई आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. काउंटरला टेकून म्हणाल्या, "घावला का माणूस?"

"माणूस नाही, निगेटिव्ह घावली."

"त्यात हायत का ते?"

मी तुमचं म्हणणं सांगितलं.

"थोरल्या भावजींचं त्ये तोंडपाठ हाय," त्या म्हणाल्या. "सदतीस वर्सं त्येच. आता माजं ऐका. त्या दिशी लग्नातला गर्द निळा बुशशर्ट खळ घालून, तांब्यात इंगळ घालून इस्तरी करून दिला. गिरणीत फोटू काढनार म्हनून. सांजच्याला आले. म्या इचारलं, काढला का फोटू? म्हनले, काढला की, झकास निघंल बघ. आन पाच म्हैन्यानं काविळीनं गेले. भितीवर लावाय फोटू मागितला, तर भावजी म्हनतात आलाच न्हवता. मग खळीचा शर्ट घालून ह्यो बाबा गेला कुटं, सांगा की!"

मी काउंटरवरचं निगेटिव्हचं पाकीट उगाच सरळ केलं.

"मला ठावं हाय. गिरणीच्या मागल्या गल्लीत ती बजाबाई च्या विकायची. तिच्याकडं."

"कुणी पाहिलं होतं?"

"बघाय कशाला पायजे? दिसायला बरी व्हती."

काका, ही बाई सदतीस वर्षं त्या गल्लीतून गेलेली नाही. मंडईला जाताना अख्ख्या पेठेला वळसा घालते. पावसात, उन्हात, ताप असताना. मी म्हटलं, इतका राग आहे तर फोटो कशाला हवा? तर म्हणाल्या, "भांडायला तरी समोर कोन पायजे की. रिकाम्या भितीशी किती भांडू?"

त्यांना काय सांगू ते कळवा. ऑपरेशन तीन एप्रिलला आहे.

आपला,
दिग्विजय


मंद्रूप
६ फेब्रुवारी

चि. दिग्विजय यास आशीर्वाद.

फोटू बघितला. रंग बराबर हाय. हिरवा न्हाय, तांबडा न्हाय. पन काळा पातळ हाय. भर न्हाय त्याच्यात. मागं लडी वाळत घातल्यात, तितला अंधार राखुंडीसारका दिसतोय. काळा म्हंजी काळा पायजे. मागचं सगळं भरून घ्या. तितं बघन्यासारकं काय न्हाय, नुसतं ड्रम आन पायपा.

त्यो ठिपका पन काढा. धूळच हाय ती. शेडमदी डाग राहिला तर माल नापास.

सारजाबाईला सांगा, चौदाच हायती. माजं नाव घालून सांगा. मी खात्याचा मुख्य व्हतो, मला ठावं न्हाय तर कुनाला?

जास्ती लिवत न्हाय. डोळ्यांस्नी तान पडतोय.

चनमल्लप्पा


साखर पेठ, सोलापूर
१९ फेब्रुवारी

ती. काका यांस सा. न.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी हुकूम पाळला. हे समजून सांगायला जरा यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस चौकोन छापून मी सॉफ्टवेअरला शिकवत असतो, की प्रत्येक चौकोन शेजारच्यापेक्षा तितकाच गडद दिसला पाहिजे. शेवटचे चार सगळ्यांत अवघड. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस एकमेकांत मिसळून एकच डांबर होतात. लोक ते चार वेगळे काढायला वर्षं घालवतात. तुम्ही मला ते एक करायला सांगितलंत. नवल वाटलं, पण एकतीस वर्षांच्या डोळ्यापुढं माझी काय टाप? भरलं सगळं. ठिपका ब्रशनं मिटवला. प्रिंट दोरीवर टांगला, शेजारी आधीच्या पातळ प्रिंटची माझी प्रत. खरं सांगतो, नवा दिसायला देखणा होता. अंधार कसा मखमलीसारखा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अंकिता नावाची एक पोरगी पासपोर्ट फोटोला आली. स्टुलावर बसल्या बसल्या दोरीकडं बघत म्हणाली, "पंधरा माणसं एवढ्याशा जागेत कशी मावली हो?"

म्हटलं, "चौदा आहेत."

ती उठली, पातळ प्रिंटपाशी गेली, बोटानं मोजू लागली. चौदावर थांबली. "चुकलं वाटतं," म्हणाली. "लांबून पंधरा वाटले." तिच्या पासपोर्ट फोटोत तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेलेली आहे. तीनदा काढला. तिन्हीत.

त्यानंतर मला दुकानात पाठ कुठं करावी कळेना. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही. महापालिकेचा नळ आणि बँकेचा सर्व्हर यांच्यावरचाच विश्वास उडाल्यावर भुतांना जागा कुठून देणार? तरीही दोरीकडं पाठ करून बसलो की मानेवर कुणीतरी बघत असल्याचं वाटायचं, आणि वळलो की तो मिटवलेला ठिपका मिटवलेल्या जागी दिसायचा. काच पुसली, स्कॅनर पुसला, निगेटिव्ह धुतली. नव्यानं स्कॅन केलं. ठिपका होता तिथंच होता.

मग मी तो मोठा करून पाहिला. काका, धुळीला चार भोकं नसतात. त्यातून दोरा ओवलेला नसतो.

तुमचा शब्द मोडून मी ते चार चौकोन परत वेगळे केले. आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. सर्वांत फिक्या करड्या शाया अंधारात पेरत गेलो. आधी बटण आलं. त्याच्या वरखाली काळी बटणं आली, म्हणजे एवढं एकच पांढरं. मग कॉलर आली. ताठ, खळ घातल्यासारखी. एकोणिसाव्या चौकोनाच्या जोरावर कान आला, आणि परवा दुपारी तीनच्या सुमाराला यंत्रानं एक एक रेघ ओढत कागद बाहेर ढकलला, तेव्हा लडींच्या आडून चेहरा आला.

चौदा जण कुठं कुठं बघतायत. कुणी साहेबाकडं बघत असेल, कुणी घड्याळाकडं. हा एकटा सरळ भिंगात बघतोय. हात मांडीला लावून, छाती काढून. कुणी बोलावलेलं नसताना फोटोला उभा राहिलेला माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

मी रेवणप्पांना कधी पाहिलेलं नाही. सारजाबाईंना अजून दाखवलेलं नाही. प्रिंट सोबत आहे. काका, हा कोण?

दिग्विजय


साखर पेठ, सोलापूर
११ मार्च

ती. काका यांस सा. न.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. काल फोन केला तो सूनबाई पायल यांनी उचलला. म्हणाल्या, "मामंजी सोप्यात फोटो घेऊन बसत्यात. सकाळी खिडकीपाशी, दुपारी ट्यूब लावून, सांजंला देवापाशी. जेवायला हाक मारली तर हात करत्यात. कुणाचा फोटो हाय ओ त्यो?" मी म्हटलं, गिरणीचा.

सारजाबाई दोनदा येऊन गेल्या. मी शाई संपली म्हणून सांगितलं. शाई संपलेली नाही, माझी थाप संपत आलीय. त्यांना जे दाखवीन ते तुम्हांला विचारून दाखवीन, कारण यातला काही भाग माझ्या दुकानाच्या मालकीचा नाही एवढं मला कळतं. पण तीन एप्रिल माझ्यासाठी थांबणार नाही.

दिग्विजय


मंद्रूप
१७ मार्च

चि. दिग्विजय यास.

रेवण्णाच हाय.

आमच्यात घरी धाकट्या भावाला तम्मा म्हनत्यात. माजा तम्मा. गिरणीत त्यो बदली व्हता. म्हंजी कायमचा मानूस आला न्हाय तर त्याच्या जागी त्या दिवसापुरता. मीच लावला व्हता त्याला. कायम करायचं साहेबाकडं घोळत व्हतं. खात्यात कुजबुज चालली व्हती की चनमल्लप्पा खातं घरचं करतोय.

फोटूच्या दिशी त्यो कडक शर्ट घालून आला, कुनाच्या तरी लग्नाला निघाल्यावानी. माज्या शेजारी येऊन उबा राहिला. तवा माज्या मनात आलं, ह्यो फोटू वर हापिसात जानार. दोन भाऊ शेजारी शेजारी दिसले तर माजं काय व्हईल. मी म्हनलं, तम्मा, तू मागं हो, साहेबानं फक्त कायम मानसं सांगितल्यात. साहेब काय बोलला न्हवता. त्याला कोन बदली आन कोन कायम ह्ये ठाऊक पन न्हवतं.

त्यो मागं गेला. मला वाटलं भायेर गेला. तुमच्या वडलांनी कॅमेऱ्यात वाकून बघितलं, मान वर करून मला इचारलं, चनमल्लप्पा, चौदा का पंधरा? मी म्हनलं चौदा. त्यांनी परत वाकून बघितलं. मग काय न बोलता बटन दाबलं.

त्या दिसापास्नं त्यो माज्याशी बोलला न्हाय. दवाखान्यात बी न्हाय. मी उशापाशी बसलो की भितीकडं वळायचा. गेल्यावर सारजाबाईनं फोटू मागितला. कसं सांगू की मागं सारला? म्हनून म्हनलं, आलाच न्हवता. ती म्हनली, मग कुटं गेले व्हते? म्हनलं, मला काय ठावं. तितंच चुकलं. एक डाग लपवाय दुसरा टाकला, आन त्यो माज्या अंगावर न पडता तम्माच्या अंगावर पडला. तिला गल्लीचं खूळ लागलं त्ये मला ठाऊक व्हतं. सदतीस वर्सं ठाऊक व्हतं.

तुमी पयला फोटू धाडला, तवा त्यो ठिपका बघून कळलं, तम्मा भायेर गेलाच न्हवता. म्हनून म्हनलं, भरा. तुमी माजा डोळा मोठा म्हनून ऐकलं. लई लाज वाटली.

आता हात जोडून मागतो. माजं अठ्ठ्यात्तर सरलंय. मी हाय तवर तितं अंधार राहू द्या. मी गेल्यावर दावा तिला. न्हायतर फोटूतनं मला कापून टाका, खुर्ची सकट.

चनमल्लप्पा

२१ मार्च. वरलं पत्र टाकलं न्हाय. धा पावलांवर पेटी हाय, चार दिस तितवर जातोय आन परत येतोय.

तुमचा फोटू म्हैनाभर रोज बघितला. खिडकीत बघितला, ट्यूबखाली बघितला, दिव्याजवळ बघितला. म्हनलं, एका तरी उजेडात त्यो गायब व्हईल. तुमच्या शाईत कुटंतरी खोट निघंल. न्हाय निघाली. सकाळी बी रेवण्णाच, दुपारी बी रेवण्णाच, दिव्याजवळ तर लईच रेवण्णा.

हात जोडल्यालं मागं घेतो. फोटू परत धाडतोय. पाठीमागं बघा.


(फोटोच्या मागं, थरथरत्या पण सरळ अक्षरात: 'शेड पास. च. २१-३-२४')


साखर पेठ, सोलापूर
१० एप्रिल

ती. काका यांस सा. न.

तुम्ही पास केलेल्या शेडवर मी एक नवा प्रिंट काढला, कापसाच्या कागदावर. ज्या गावानं अख्ख्या देशाला कापूस पांघरायला दिला, त्या गावात हा कागद बाहेरून मागवावा लागतो. पण तो राग पुन्हा कधीतरी. तुम्हांला कापलेलं नाही. बाबांच्या फोटोला कात्री लावायची माझी छाती नाही, आणि खुर्ची कापली तर रेवणप्पा कुणाच्या मागं उभे होते ते कसं कळणार?

परवा सकाळी सारजाबाई आल्या, काळा चष्मा लावून. ऑपरेशन नीट झालंय. म्हणाल्या, "पट्टी सुटली तवा पयलं तोंड डागतराचं दिसलं. न्हाय म्हनायला बरा हाय." मग म्हणाल्या, "शाई आली का तुमची?"

मी प्रिंट काउंटरवर ठेवला. चष्मा काढून त्यांनी डावीकडून एकेकाला बघायला सुरुवात केली. ज्याला ओळखत होत्या त्याचं नाव घेत होत्या. "ह्यो सिद्राम, लई प्यायचा. थोरलं भावजी." मग बोट मागं गेलं, आणि थांबलं. चेहऱ्यावर थांबलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. ते बटणावर थांबलं.

"माज्या झंपरचं बटन," त्या म्हणाल्या. "ह्यांचं तुटलं व्हतं, निळं घरात न्हवतं. म्हनलं, कोन बघतंय. माजंच काढून लावलं."

रस्त्यावरून एक रिक्षा, एक टेम्पो गेला. मग अगदी बारीक आवाजात, मला नाही, फोटोतल्या माणसाला म्हणाल्या, "गेला व्हता की तुमी."

मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. सगळं. तुम्ही ते माझ्या नावानं लिहिलं होतंत, पण ते माझ्यासाठी नव्हतं हे पेठेतल्या कुत्र्यालाही कळलं असतं. त्या रडल्या नाहीत. डोळ्याला पाणी लावायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलंय म्हणाल्या. तुमच्यासाठी एक निरोप दिलाय, तो जसाच्या तसा लिहितो: "भावजींना म्हनावं, खुर्चीत बसलेल्याचं तोंड लई बारीक आलंय. उभा राहिलेल्याचं चांगलं आलंय. मंद्रूपला यायचं का न्हाय ते अजून ठरिवलं न्हाय. आले तर आधी भांडनार. च्या ठेवाय सांगा."

मग प्रिंट पदराखाली घेऊन विचारलं, "बजाबाई हाय का वो अजून?"

म्हटलं, आहे. मुलाच्या टपरीवर बसते, ऐकू कमी येतं.

"बरं झालं," म्हणाल्या. "म्हंजी सांगाय जास्ती लागनार न्हाय." मी सोबत निघालो तर हात केला. दाराबाहेर पडून त्या उजवीकडं वळायच्या, ती वळशाची वाट. त्या दिवशी डावीकडं वळल्या. मी दारात उभा राहून बघत होतो. गल्लीच्या तोंडाशी जरा थबकल्या, पदर सारखा केला, आणि आत गेल्या.

दोरीवर आता पासपोर्ट फोटो वाळतायत. पाठ करून बसतो. मानेवर कुणी बघत नाही. खरं सांगायचं तर जरा चुकल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी दुकान आवरताना बाबांचं ते पाकीट बाहेर काढलं. बाबा मला गणित शिकवायला निघाले होते, आणि मी लेकाचा त्यांचं तपासायला! माझे पेन्सिलीचे १४ खोडरबरनं पुसले. खाली बाबांच्या चौदा खुणा होत्या, फिकट झालेल्या, पण सगळ्या एका रांगेत. पुढं एकीपुरती जागा त्यांनी मोकळी सोडलेली होती. तिथं पंधरावी खूण केली, पाकीट जागच्या जागी ठेवलं आणि शटर ओढलं.

आपला,
दिग्विजय